लिंबाच्या झाडाचा पुरावा

बाबा : म्हणजे प्रबंधातून माझं नाव काढून टाकलंस? सरळ कात्री?

मुलगी : बाबा, प्रबंध आज संध्याकाळी द्यायचाय. मॅडमनी एकदा परत केलाय, तुमच्या गाण्यानं झाड जगलं त्या ओळीपुढे 'ह्याला आधार काय?' असं लाल शाईत लिहून. पुन्हा परत आला तर वर्ष गेलं माझं.

बाबा : आधार गॅलरीत कुंडीत उभा आहे की! मरायला टेकलेलं झाड. रोज सकाळी त्याच्यापुढे गायलो आणि टोपलीभर लिंबं लागली. डोळ्यांदेखत!

मुलगी : गाताना तुमचे डोळे मिटलेले असतात.

बाबा : बरं, मला सोड. इंटरनेटवरचे तीन लेख काढून दिले होते ना? संगीताने झाडं वाढतात, असं ठणकावून सांगितलंय त्यात.

मुलगी : वाचले. पहिल्यानं दुसऱ्याचा दाखला दिलाय, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. आणि तिसरा म्हणजे रेडिओच्या दुकानाची जाहिरात!

बाबा : अगं, दुकानदार खोटं कशाला बोलेल?

मुलगी : रेडिओ खपवायला!

(आई ओले हात पुसत येते.)

आई : काय चाललंय? खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येतंय.

बाबा : तूच सांग हिला. मी गायला लागलो तेव्हाच लिंबाचं झाड सावरलं की नाही?

आई : सावरलं की.

बाबा : घे! साक्षीदार!

मुलगी : थांबा हो. आई, तेव्हा झाडाला आणखी काही केलं होतं का कुणी?

आई : मीच केलं. माती बदलली, कुंडी उन्हात सरकवली. भाज्यांची सालं कुजवून खत घालायचे रोज थोडं थोडं.

बाबा : हे मला कुणी सांगितलं नाही ते!

आई : तुम्ही गात होतात. मध्ये कुठे तोंड घालणार?

मुलगी : मग मी असं लिहिते. 'खत, ऊन आणि गाणं एकाच वेळी सुरू झालं, त्यामुळे श्रेय गाण्याला देता येत नाही. माहिती : आई, प्रत्यक्ष मुलाखत.'

बाबा : वा रे वा! हिचं लगेच खरं?

मुलगी : खताचा डबा अजून तिथेच आहे. शिवाय तिला यातून काही मिरवायचं नव्हतं. तुम्हाला होतं.

बाबा : ठीक आहे. उद्यापासून गाणं बंद. झाडाला नको, तुझ्या मॅडमला नको, मग घसा कुणासाठी फोडू?

आई : बंद कशाला? मला कुठे होती झाडांची हौस! त्या गॅलरीत मी पाऊल टाकत नव्हते. तुम्ही गायला लागलात, म्हणून खताचं निमित्त काढून येऊन बसायचे.

बाबा : काय म्हणालीस?

मुलगी : अगं आई, हे आधी सांगायचं नाही का! आता अख्खा परिच्छेद बदलायला हवा. थांब, पुन्हा सांग, लिहून घेते.

आई : काही लिहू नकोस. त्यांनी ऐकलं, झालं.