शुक्रवारी बारापर्यंत

नाही, पण मला गप्प बसायला सांगावं? मला? तुम्हाला सांगते, आमच्या घराण्यात माणसं झोपेतसुद्धा वाद घालतात, आणि ब्रसेल्समध्ये ग्रीस सरकार मला पगार देतं तोच मुळी बोलण्याचा! म्हणजे कसं, युरो वापरणारे आम्ही सगळे देश, पैसा एक पण चुली वेगळ्या, म्हणून कुणी वर्षाला किती खर्चायचं त्याचे नियम, आणि ते बदलायचं घाटत होतं... त्यात मला एकच ओळ घालायची होती. एकच हो! रान पेटलं त्या वर्षी आग विझवण्याचा खर्च मर्यादेत धरू नका. कारण आमच्या एव्हिया बेटावर डोंगर पेटला, गावानं आग विझवायला विमान मागितलं, तर उत्तर काय? यंदाची मर्यादा संपली! आग काय जानेवारीपर्यंत थांबते?

दोन वर्षं बोलले. हॉलंडतर्फे बोलणारा ड्रीस, देवमाणूस, पण पट्टीसारखा सरळ! "कॅलिरोईबाई, एकाला सूट दिली की सगळे रांग लावतात." म्हटलं, "बाबा रे, उद्या तुझा समुद्राचा बांध फुटला, तर आधी नियम वाचशील की वाळूची पोती उचलशील?" कॉफीचा कप बाजूला ठेवून वहीत लिहून घेतलं बिचाऱ्यानं.

आणि बुधवारी मसुदा आला... माझी ओळ आत! खाली नेहमीची टीप : शुक्रवारी बारापर्यंत कुणी काही कळवलं नाही तर मंजूर, कळवलं तर पुन्हा चर्चा. म्हणजे मी काय करायचं? गप्प बसायचं. फक्त गप्प बसायचं!

तर अथेन्सहून आमचे थ्रासिवुलोस साहेब फोनवर : "कॅलिरोई, आभाराचं पत्र धाडलंस का? आपण काय रानटी आहोत?"

"साहेब, पत्र गेलं की मंजुरी गेली!"

"अगं, दोन ओळी!"

साहेबांच्या दोन ओळी अडीच हजार वर्षांपूर्वी सुरू होतात हो! "शिवाय," म्हणाले, "त्या ओळीत अग्निशामक जवानांच्या आधी 'शूर' घालू या."

"शनिवारी घाला साहेब, तोवर गप्प बसायचं!"

शुक्रवारी अकराला मी चक्क हातांवर बसले. साडेअकराला ड्रीस दारात : "बरी आहेस ना? इतकी शांतता... आमच्याकडं सगळे घाबरलेत." मी नुसती मान हलवली. खोटं कशाला सांगू, घाम फुटला होता... आणि बारा वाजले! मंजूर! अहो, एवढ्या मोठ्या कायद्यात आमच्या डोंगराची ओळ, आणि ती मी न बोलता पार पाडली! मला, मला हे जमलं! छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटलं.

आईला फोन केला. "आई, आता विमान अडणार नाही!"

आई रडलीच. मग म्हणाली, "काय बोललीस गं त्यांना?"

"शेवटी काहीच नाही, गप्प बसले."

आईनं रडणं आवरलं. मग हळूच, "हे गावात बोलू नकोस हं. मी बुधवारीच सांगून बसलेय, पोरीनं तासभर भाषण ठोकलं आणि डच माणूस ढसाढसा रडला."

आता रविवारी चर्चसमोर मांडव घातलाय, आणि सगळा गाव ते भाषण ऐकायला येणार आहे... पहिलं पान लिहून झालंय, ड्रीसच्या रडण्यापर्यंत अजून पोचले नाही.