कडक तार

अँजिओप्लास्टीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारच्या बाकावर एक बहीण-भाऊ बसले होते. डॉक्टर बाहेर आले.

"मऊ तार ब्लॉकमधून पुढे जात नाहीये. कडक तार कदाचित जाईल, पण तिनं शीर फाटू शकते."

"आणि फाटली तर?"

"हृदयाभोवती रक्त साचेल. जिवावर बेतू शकतं."

"बाबा जागे आहेत ना? ते काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरांना विचारा."

"ताई, कडक घालू दे. आज सुटतील एकदाचे."

"सुटतील म्हणजे काय रे? नीट बोल."

"बायपास टळेल गं! छाती उघडू देणार नाहीत ते."

"डॉक्टर, मऊ तारेनंच आणखी एकदा बघा. नाही गेली, तर थांबा."

"तू एकटीच ठरवणार?"

"हो. थोरली आहे मी."

दार बंद झालं. बऱ्याच वेळानं डॉक्टर पुन्हा आले.

"नाही गेली. थांबलो. आता बायपासच करावी लागेल."

"बघ, ताई!"

"शीर?"

"शाबूत आहे."

"आणि बाबा?"

"चिडलेत. उपाशी ठेवलं आणि काम अर्धवट सोडलं, म्हणतात."

"ताई, बायपासचं त्यांना तूच सांग."

"सांगते. तू फक्त शेजारी उभा राहा."