दरमाणशी धूर

तनवीरा : पण काका, फॉर्मात विचारलंय, ऊब देणारं उपकरण घरात कुठे बसवलंय?

सनाउल्ला : कांगडी? ही निखाऱ्यांची टोपली अंगातल्या लांब, सैल फेरनच्या आत. पोटाशी.

तनवीरा : भिंतीवर, छताला किंवा जमिनीवर, एवढेच पर्याय आहेत.

सनाउल्ला : मग जमिनीवर लिही. मीही तिथंच बसलोय.

तनवीरा : इंधन?

सनाउल्ला : चिनाराच्या पानांचा कोळसा. घरचा.

तनवीरा : म्हणजे धूर आला. विजेच्या हीटरला धूर नसतो.

सनाउल्ला : हिवाळ्यात आपली वीज कुठून येते?

तनवीरा : नदी आटते, मग बाहेरून घेतात. तिकडे कोळसा जाळून करतात.

सनाउल्ला : म्हणजे ऊब आपल्याला, धूर परक्याच्या अंगणात. सोय चांगली आहे.

तनवीरा : म्हणून तर घरोघरच्या धुराची तुलना करत फिरतेय. हीटर फुकट मिळेल, पण घरातल्या सगळ्या कांगड्या आणि उरलेला कोळसा जमा करावा लागेल.

सनाउल्ला : आणि वीज गेली की?

तनवीरा : ते फॉर्मात नाही. थंडी किती वाजते? कमी, मध्यम, फार?

सनाउल्ला : कळत नाही.

तनवीरा : तसा रकाना नाही, काका.

सनाउल्ला : मग मध्यम लिही. कुणाचं मन मोडायला नको.

तनवीरा : रोज कांगड्या किती पेटतात?

सनाउल्ला : दोन.

तनवीरा : घरात माणसं?

सनाउल्ला : मी.

(तनवीराचं पेन थांबतं. समोरच्या रिकाम्या गादीवर तांबड्या काड्यांच्या विणीची एक कांगडी धुमसते आहे.)

तनवीरा : ही कुणाची?

सनाउल्ला : बायकोची, हलीमाची. पानं झाडली, पेटवली, पाणी शिंपडून विझवली, दोघांपुरता कोळसा पोत्यात भरून तोंड शिवलं, आणि आठवड्यानं गेली. चहाचं जमलंय, एकच पेला करतो. सकाळी कांगड्या भरायला बसलो की हात दोन भरतात.

तनवीरा : मला ठाऊक नव्हतं.

सनाउल्ला : तुझ्या फॉर्मात कुठं होतं?

तनवीरा : पण एका माणसाला दोन कांगड्या म्हटलं, तर दरमाणशी धूर दुप्पट पडतो. अख्ख्या गावात तुमचं घर सगळ्यात वाईट दिसेल.

सनाउल्ला : दिसू दे. तिला पहिलं यायची हौस होतीच.

तनवीरा : हीटर नकोच का मग?

सनाउल्ला : तिचा कोळसा तुझ्या गाडीत कसा घालू, पोरी? अर्धं पोतं उरलंय. ते संपल्यावर ये.

तनवीरा : बरं. आज माणसं किती लिहू?

सनाउल्ला : कोळसा आहे तोवर दोन.