गॅस बंद केलास का?

नाव: ओळखपत्रावर आहे तेच. घरं बघायला येणारे सगळे चावीकाकू म्हणतात. वय: बावन्न पूर्ण. शिक्षण: चौथी, तीही अर्धी. धंदा: रिकामी घरं गिऱ्हाइकाला दाखवणे, विकून देणे, भाड्याने लावून देणे. राहणार: आमच्या ऑफिसच्या डोक्यावर, पहिला मजला.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील धंदा एकोणीस वर्षं करत आहे. माझी धाकटी जाऊ ऑफिसात बसून फोन घेते. तिची मुलगी म्हणजे माझी पुतणी, वय पंचवीस. ती माझ्याबरोबर घरं दाखवायची आणि माझ्यापेक्षा चांगली दाखवायची. पाच महिन्यांपूर्वी ती एका गिऱ्हाइकाला घेऊन एकटी गेली आणि कानातलं घालवून, मनगट सुजवून परत आली. तेव्हा तक्रार का दिली नाही, असं हवालदारांनी विचारलं. मी प्यायला पाणी मागितलं. तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. तिच्या किल्ल्यांचा जुडगा ऑफिसात खिळ्याला तसाच आहे. त्याला कोणी हात लावत नाही. धूळ मी पुसते.

तेव्हापासून मी कामाचे नियम केले. गिऱ्हाईक पुढे, मी मागे. खरं सोनं घरी. आणि काही वेडंवाकडं झालं तर मी जावेला फोन करून विचारायचं, "गॅस बंद केलास का?" हे ऐकलं की तिने ताबडतोब पोलिसांना कळवायचं. समोरच्याला संशय येऊ नये म्हणून रोजच्या बोलण्यातलं वाक्य निवडलं होतं.

आज सकाळी पावणेअकराला मी नवीन इमारतीच्या चौथ्या मजल्यावरचं घर दाखवायला गेले. इमारतीत तळमजला सोडला तर कोणी राहायला आलेलं नाही. सदर इसम खाली वाट बघत होता. (सदर इसम हे हवालदारांनी लिहिलं आहे. मी दुसरं म्हणाले होते, ते लिहिता येत नाही असं ते म्हणतात.) वय पस्तिसेक, शर्टाला कडक इस्त्री, अंगाला अत्तर, बगलेत फाईल.

मला वर गेल्यावर पाच मिनिटांत संशय आला, तो असा. घर घेणारा माणूस नळ सोडून बघतो. भिंतीवर टकटक करतो. पाणी किती वाजता येतं, गाडी कुठे लावायची, असं विचारून डोकं खातो. सदर इसमाने एकही नळ सोडला नाही. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. शेजारी कोणी राहतं का, आणि इथला आवाज खाली जातो का.

मग त्याने मुख्य दाराला आतून कडी घातली, फाईलमधून कटर काढला आणि गळ्यातलं काढायला सांगितलं. फाईलमध्ये दुसरा एक कागद नव्हता. मी म्हटलं, देते, पण आधी एक फोन करू दे, जाऊ वेंधळी आहे, गॅस चालू ठेवून बसली असेल तर घर पेटेल. त्याने फोन स्पीकरवर ठेवायला लावला. मी विचारलं, "गॅस बंद केलास का?"

जाऊ म्हणाली, "हो ताई, मगाशीच केला." आणि फोन ठेवला.

साधं वाक्य निवडलं होतं, कोणाला संशय येऊ नये म्हणून. कोणालाच आला नाही. जाऊ त्या वेळी ऑफिसात होती. ऑफिसात गॅस नाही. हे तिच्या चाळीस मिनिटांनी लक्षात आलं.

सदर घराच्या बाथरूमच्या दाराला आतून मूठ नाही. दार लागलं की आतून उघडत नाही. मूठ बसवा म्हणून बांधणाऱ्याच्या मागे मी तीन महिने लागले आहे. गिऱ्हाइकाला मी हे सांगत नाही. दार उघडंच ठेवा, हवा खेळती राहते, एवढंच सांगते. आज या जबाबात खरं ते सांगितलं. मी गळ्यातली साखळी काढली आणि हात थरथरल्यासारखं करून बाथरूममध्ये पार खिडकीखाली फेकली. तो उचलायला आत गेला. इथेही गिऱ्हाईक पुढे, मी मागे. मी दार ओढून घेतलं. साखळी नकली आहे, परत मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी चालेल.

मी पोलिसांना स्वतः फोन केला. वेळ अकरा वाजून सतरा मिनिटे. पळून का गेला नाहीत असं मला विचारण्यात आलं. मी का पळू? साडेअकराचं गिऱ्हाईक यायचं होतं.

साडेअकराला एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको आले. आतून दार धडधडत होतं. मी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं. मास्तर दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहिले. मास्तरीणबाईंनी घर बघितलं. ओट्याची उंची हाताने मोजली आणि बाथरूममध्ये पाणी जोरात येतं का विचारलं. मी दाराबाहेरून सदर इसमाला नळ सोडायला सांगितलं. त्याने सोडला. येतंय म्हणाला. बाई म्हणाल्या, दार चांगलं मजबूत आहे.

पावणेबारा वाजता पोलीस आले. त्यांच्या मागून जाऊ आली. शटर ओढायची सळई हातात, श्वास लागलेला, एका पायात माझी चप्पल. मी तिला जे बोलले त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

ठाण्यात आल्यावर सदर इसमाने सांगितलं की मी गिऱ्हाईक आहे, या बाईने मला कोंडलं, कटर खोकी उघडायचा आहे. साहेब मला म्हणाले की बाई, सध्या तुमचा शब्द आणि त्याचा शब्द, एवढ्यावर तो उद्या सुटेल. दोन प्रश्न ऐकले तेव्हाच हा कोण ते मला कळलं होतं, कारण तेच दोन प्रश्न मला पुतणीने पाच महिन्यांपूर्वी सांगितले होते. पण ते तिने सांगायचं होतं. तिला बोलावून घ्या असं मी म्हणाले नाही. जावेलाही म्हणू दिलं नाही. नको म्हणाली असती, तर मला ते ऐकायचं नव्हतं.

दीड वाजता पुतणी आपल्या पायांनी आली. कोणी कळवलं ते मी विचारलं नाही, सळई घेऊन आलेलीच असणार. ती दारात उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, "आवाज खाली जातो का, असं यानेच विचारलं होतं. डाव्या अंगठ्याचं नख चिरलेलं आहे, बघा." सदर इसमाने मूठ मिटली. साहेबांनी ती उघडायला लावली. नख चिरलेलं होतं. पुतणीची वेगळी तक्रार आज घेतली जाणार आहे.

त्यानंतर पंचनाम्यासाठी दार उघडून द्यायला कोणीतरी हवं होतं आणि माझा हा जबाब संपत नव्हता. पंच म्हणून मास्तर आणि मास्तरीणबाई तयार झाले. घर पुन्हा एकदा नीट बघता येईल, असं बाई म्हणाल्या. महिला शिपाई बरोबर होती. पुतणी माझ्यापुढे हात करून म्हणाली, "काकू, चौथ्या मजल्याची किल्ली द्या." मी दिली. किल्ली कंबरेला बांधलेली, गाठ लवकर सुटत नव्हती, म्हणून वेळ लागला.

दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी जावेच्या फोनवर तिचा फोन आला. पोचले, दार उघडलं, म्हणाली. जावेने तिला विचारलं, "गॅस बंद केलास का?" पुतणी हसली. टेबलाच्या अलीकडे बसून मला ऐकू आलं. वेळ नक्की लिहून घ्या असं मी हवालदारांना सांगितलं. त्यांनी विचारलं, याचा प्रकरणाशी काय संबंध. मी म्हटलं, लिहा.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मध्ये दोनदा थांबवून मी दुरुस्त करून घेतला. आता मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे. तीन बारा बरोबर लिहिलं आहे, ते मी स्वतः बघितलं, आकडे मला येतात. अंगठा नाही, सही करते.