एका हाताचे शॉर्टकट

...आणि वर ऑफिसातले म्हणतात कसे, "मॅडम, माउस कशाला? शॉर्टकट वापरा की!" अहो, वापरते की! पण हे शॉर्टकट ज्याने कोणी ठरवले ना, त्याच्या मांडीवर कधी मूल झोपलेलं नव्हतं, हे मी लिहून देते. कंट्रोल दाबा, शिफ्ट दाबा, ते सोडू नका, आणि मग एफ दाबा... तिन्ही एकदम! आणि तुम्हाला सांगते, माझा डावा हात तिच्याकडे होता!

ती म्हणजे आमची ठमाबाई. वय महिने आठ. झोपताना मुठीत आईचं बोट लागतं, तेही डावंच; उजवं दिलं तर डोळे न उघडता परत करते. सासूबाई सांभाळणार होत्या, पण नेमकी आजच त्यांची दाढ ठणकायला लागली, त्या गेल्या दातांच्या डॉक्टरकडे. आणि अकराला माझी मीटिंग! बाळंतपणाच्या रजेनंतरची पहिली, घरून, सगळ्यांना स्क्रीन दाखवत. औषधाची वेळ झाली की आठवण करून देणारं आमचं ॲप आहे, रजेआधी मीच लिहिलेलं. गेल्या आठवड्यापासून ते एकच आठवण दोनदा पाठवतंय. म्हणजे कुणाचे तरी आजोबा एकच गोळी दोनदा घेणार! चूक आज सापडली तर काम माझ्याकडे, नाहीतर... आमचे टीमप्रमुख फार सभ्य, म्हणाले, "नाहीतर दुसऱ्या कुणाला देऊ, तुम्ही आराम करा." आराम! आई म्हणून मी अजून कच्ची, प्रोग्रामर म्हणून गंजलेली. यातलं एक तरी राहू दे की पदरात!

तर एफ बारा दाबला. हे बटण गुणी, एकटं येतं. कर्सर ज्या नावावर असेल, ते नाव मुळात जिथे लिहिलंय तिथे थेट उडी. तिथून पुन्हा एफ बारा, आणखी आत. पुन्हा, आणखी आत... पाचव्या उडीनंतर आपण कुठे आलोय, हे मलाच कळेना! "मागे या, मॅडम. ऑल्ट आणि डावा बाण." अहो, माझ्या लॅपटॉपला ऑल्ट एकच, तोही डाव्या टोकाला, आणि बाण पार उजव्या! आणि माझा डावा हात? तिच्याकडे! माउस? त्याचा सेल कालच खेळण्यातल्या गाणाऱ्या सशाच्या पोटात गेला. टचपॅड? त्यावर ठमाबाईची टाच! शेवटी हनुवटीने ऑल्ट दाबला.

"मॅडम, तुमचं नुसतं कपाळ दिसतंय."

"हो का? नेट खराब असेल!"

आले कशीबशी मागे. आता आठवण पाठवायची आज्ञा कुठे कुठे दिलीय, ते अख्ख्या प्रोग्राममध्ये शोधायचं, म्हणजे तीच तीन बटणं. हनुवटी एक, बटणं तीन! घाबरून नुसती शिफ्टच दाबत बसले, दोनदा, चारदा, पाचदा... आणि लॅपटॉप टुंईई करून ओरडला! ठमाबाई दचकली, टाच थेट कॅमेऱ्यासमोर उडाली, ओठ थरथरला... मी मांडी हलवली, झोपली परत. स्क्रीनवर एक चौकट आली होती. बटणं एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबायची सोय हवी का?

खरं सांगू? डोळ्यांत पाणीच आलं. आठ महिन्यांत "कसं जमवतेस गं?" असं पुष्कळांनी विचारलं. "सोय हवी का?" असं विचारणारी ही पहिलीच! मी "हो" दाबलं. "हो गं बाई, हवी," असं मोठ्यानं बोललेसुद्धा... माइक चालू!

टीमप्रमुख, एकदम कुजबुजत, "मॅडम... ती टाच कुणाची?"

"मुलीची. झोपलीय. माझा डावा हात तिच्याकडे आहे."

"मग आधी नाही का सांगायचं!"

आणि काय सांगू तुम्हाला, सहा मोठी माणसं कुजबुजायला लागली! "कंट्रोल दाबा... सोडा... आता शिफ्ट... सावकाश, हं..." अंगाई म्हणावी तशी! आणि सापडलं की हो! एका जागी ती आज्ञा मी दिलेली, आणि माझ्या मागे कुणीतरी ती न बघता दुसऱ्या जागीही दिलेली. कोण खोकलं, ते मी मुद्दाम बघितलं नाही. दुसरी खोडली. आठवण एकदाच गेली.

काम माझ्याकडेच राहिलं. मी खूश होऊन जरा टेकते न टेकते तोच निमंत्रण आलं... उद्या अकरा वाजता, "एका हाताने कोड कसा वाचावा", शिकवणार मीच. खाली टीप, बाळ झोपलेलं असल्यास उत्तम.

मी "येते" असं कळवून टाकलंय. ठमाबाईंचं उत्तर अजून आलेलं नाही.