दादाचा सर्व्हर

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बहीणभाऊ बसले होते.

"दादा, गिऱ्हाइकाचा पंप बंद पडलाय आणि त्याची जुनी ड्रॉइंग्ज तुझ्या सर्व्हरवर आहेत. माझ्या माणसांना उघडतच नाहीत."

"आपण कंपन्या वेगळ्या केल्या, दोघांच्या कॉम्प्युटरांची नेटवर्कं, म्हणजे डोमेन, वेगळी झाली. उघडतील कशी?"

"तुझ्या डोमेनने माझ्या डोमेनवर विश्वास ठेवायचा, एवढंच सेटिंग आहे."

"म्हणजे तुझी माणसं माझं सगळं बघणार?"

"फक्त ते एक फोल्डर. बाकीच्या फोल्डरना कुलूप लाव की."

"आणि तुझं मला दिसणार?"

"हवं तर तेही करू. अरे, ड्रॉइंग्ज काढली बाबांनीच ना?"

"बाबांना मध्ये आणू नकोस."

नर्स बाहेर आली. "बाबा शुद्धीवर आलेत. पण एकालाच आत सोडते."

"तू जा," भाऊ म्हणाला. "मी ऑफिसला फोन करून ते सेटिंग करून घेतो."