उरलेला डबा

ओमानमधल्या सोहारला व्हिसाच्या मेडिकलच्या रांगेत माझ्यापुढे दोघे होते: जाड पुस्तक घेतलेला तरुण टेक्निशियन आणि त्याच्याच कॅम्पातल्या मेसचे आचारी.

“काय वाचतोस रे अजिंक्य एवढं?”

“खुनाची गोष्ट, जनार्दनकाका. आठशे वर्षांपूर्वीचा मठ. एक साधू तीन दिवस खोलीत मरून पडलाय आणि कोणालाच पत्ता नाही.”

“फेकतोय लेखक! जेवायला किती जण?”

“साठ.”

“मग पहिल्याच रात्री एक ताट उरलं असणार. आचाऱ्याला कळलं नाही? ह्या लेखकाने कधी चहा तरी केलाय का?”

“तुम्हाला कळलं असतं?”

“असतं काय? कळलं होतं! तू तेव्हा आला नव्हतास. ईदच्या सुट्टीत स्टोअरवाल्या यशवंतचा डबा उरला. एकटाच राहायचा. सुपरवायझरला म्हटलं, खोली उघडा. म्हणाला, तू भात बघ.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशीही उरला.”

“आणि खोली?”

“उघडली की, तिसऱ्या दिवशी. वास सुटल्यावर.”

“म्हणजे तीनच दिवस. मग लेखकाचं चुकलं कुठे, काका?”

“कोणालाच पत्ता नाही म्हणतो, तिथे. आचाऱ्याला पत्ता असतो. तो भात बघत असतो.”